चानी, सॉसेज आणि कर्करोगाचा फतवा

"बीफ खाल्ल्याने कर्करोग होतो, हे आता जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले आहे." हा संदेश गेली कित्येक वर्षे दर काही महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या गटातून आमच्या मोबाइलवर येऊन पडतो. पाठवणारा बहुतेक वेळा असा असतो की ज्याला आमच्या आतड्यांची काळजी एरवी कधीच वाटलेली नसते. वस्तीतल्या तुंबलेल्या गटारावर, तिसऱ्या दिवशी येणाऱ्या पाण्यावर, सरकारी दवाखान्यात न मिळणाऱ्या गोळ्यांवर तो कधी एक ओळ लिहीत नाही. आमच्या ताटात काय पडते यावर मात्र त्याचा फार बारीक अभ्यास असतो.

त्याला आपल्या बाजूने जे उत्तर जाते, तेही आम्ही वाचतो. "आमच्या बापजाद्यांनी जन्मभर खाल्ले, त्यांना काही झाले नाही. हे सगळे मनुवादी षड्यंत्र आहे." उत्तर देणाऱ्याचा राग आम्हाला समजतो. पण ज्या चळवळीने बुद्धाला आणि बाबासाहेबांना गुरू मानले, तिच्या कार्यकर्त्याने वैज्ञानिक प्रश्नाला एवढ्या एका वाक्यात निकालात काढावे, हे आम्हाला पटत नाही. शिवाय या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटते. संदेश पाठवणारा आणि उत्तर देणारा, दोघांच्याही घरातली पोरे डब्यात चिकन सॅलामीचे सँडविच नेत असतात.

आधी 2015 हे साल नीट आठवू या. त्या वर्षाच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. गाईच्या कत्तलीवर बंदी 1976 च्या कायद्यापासूनच होती. नव्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तिच्यात आणले. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हैस-रेडा तेवढे वगळले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीला उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या गावात, घरात गोमांस ठेवले आहे या अफवेवरून, जमावाने एका माणसाला ठार मारले. आणि महिनाभराने, 26 ऑक्टोबरला, फ्रान्समधल्या लियाँ शहरात असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मांसाविषयीचा आपला निष्कर्ष जाहीर केला. ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेचाच भाग आहे. 10 देशांतल्या 22 तज्ज्ञांनी 800 हून अधिक अभ्यास तपासून तो निष्कर्ष काढला होता. त्या तज्ज्ञांना आपल्याकडच्या कायद्याशी काही देणेघेणे नव्हते. पण बातमी आपल्या देशात उतरली ती नेमकी या वातावरणात, आणि उतरता उतरताच तिचे गोमांसविरोधी प्रमाणपत्र झाले.

प्रत्यक्षात त्या निष्कर्षात काय होते? दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्या वेगळ्या ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली गोष्ट प्रक्रिया केलेल्या मांसाची. खारवून, मुरवून, आंबवून, धूर देऊन किंवा तशाच अन्य रीतीने टिकवलेले किंवा चव आणलेले मांस. त्याला पहिल्या गटात टाकले, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याचा पुरेसा पुरावा आहे असे ठरवले. कर्करोग मुख्यतः मोठ्या आतड्याचा. दुसरी गोष्ट साध्या तांबड्या मांसाची. त्याला 2अ गटात, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले, कारण पुरावा तेवढा पक्का नाही.

आता तांबडे मांस म्हणजे काय, ते बघा. त्यांच्या यादीत गाय-बैल आहेत, डुक्कर आहे, मेंढी आहे, घोडा आहे आणि बोकडही आहे. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहणारे सगळे त्या यादीत येतात. त्यात आमच्या जातीचे असतात तसे पाटील-देशमुखही असतात. आणि पहिल्या गटातली यादी तर प्राणी बघतच नाही. कोंबडीचे सॉसेजसुद्धा प्रक्रिया केलेलेच मांस आहे. तेव्हा 'बीफ खाल्ल्याने कर्करोग' हे वाक्य त्या निष्कर्षात नाही. ते इथे तयार केले गेले. बोकडाचे नाव गाळायचे, कोंबडीच्या पाकिटाचे नाव गाळायचे आणि गाय तेवढी ठेवायची, हे काम प्रयोगशाळेत होत नाही.

दुसरी लबाडी 'पहिला गट' या शब्दाची आहे. तंबाखू पहिल्या गटात आहे, दारू आहे, सॉसेजही आहे. मग सॉसेज सिगारेटइतकेच घातक, असा अर्थ काढून वर्तमानपत्रांनी मथळे दिले. हे गट पुराव्याच्या बळकटीनुसार केलेले आहेत, धोका किती मोठा यानुसार नाहीत. त्याच संस्थेने सोबत आकडेही सांगितले होते. जगभरात दरवर्षी कर्करोगाचे सुमारे 34 हजार मृत्यू प्रक्रिया केलेले मांस भरपूर खाण्याशी जोडता येतात. तंबाखूचे सुमारे 10 लाख, दारूचे 6 लाख. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे साधारण एक हॉटडॉग, खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. समजा एखाद्या देशात 100 जणांतल्या 5 जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होत असेल, तर 18 टक्के वाढ म्हणजे पाचाचे सहा होणे. पाचाचे तेवीस होणे नव्हे. शंभरातला एक जादा माणूस ही काही सोडून देण्याची गोष्ट नाही, तो कुणाच्या तरी घरातला असतो. पण घाबरवणाऱ्याच्या हातून आकडा आपल्या हातात घेतला की त्याचे खरे वजन कळते.

इथवर आपल्या बाजूचे कार्यकर्ते टाळ्या वाजवतात, हा आमचा अनुभव आहे. पुढचे मात्र थोडे कमी आवडते.

टिकवलेल्या मांसात असते काय? मीठ तर असतेच. त्याखेरीज कारखान्यातल्या बहुतेक सगळ्या हॅम, बेकन, सॅलामी, सॉसेजमध्ये सोडियम नायट्राइट नावाचे एक क्षार अगदी थोड्या प्रमाणात घातलेले असते. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत ते 250 या आकड्याने ओळखले जाते. 249 म्हणजे पोटॅशियम नायट्राइट, 251 आणि 252 म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेट. आपण घरी कोणतेही मटण शिजवले की ते तपकिरी होते. हॅम मात्र शिजूनही गुलाबी राहते. हा गुलाबी रंग नायट्राइटचा. मांसातल्या लाल द्रव्यातल्या लोहाला ते जाऊन चिकटते आणि तो रंग पक्का करते. ही उकल हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1901 साली केली. गिऱ्हाइकाला गुलाबी म्हणजे ताजे वाटते, आणि कंपनीला तेच हवे असते.

पण नुसत्या रंगासाठी हे द्रव्य आले असे म्हणणे खोटे ठरेल. बंद आणि हवा न लागणाऱ्या जागेत, जसे सॉसेजच्या आतड्यात किंवा डबाबंद मांसात, एक जिवाणू वाढतो आणि त्याचे विष माणसाच्या नसा लुळ्या पाडते. त्याचे बोट्युलिनम हे नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. 1895 साली बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि त्यांतले तिघे मेले. त्याच मांसातून हा जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला गेला. (मयताला वाजवायला जाणारे आणि तिथले शिळे अन्न पदरात पडणारे लोक कोण असतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या खेड्यात जात नव्हती, एवढाच फरक.) नायट्राइट या जिवाणूला वाढू देत नाही. म्हणून 1925 साली अमेरिकेने ते मांसात थेट घालायला परवानगी दिली. त्यात काही कट नव्हता.

दुसरी बाजू उघडी पडायला तीस वर्षे लागली. 1956 साली मॅगी आणि बार्न्स या दोन ब्रिटिश संशोधकांनी उंदरांना नायट्रोसमाइन जातीचे एक रसायन खाऊ घातले आणि त्यांच्या यकृतात गाठी झालेल्या पाहिल्या. नायट्राइट आणि मांसातली प्रथिने यांच्यापासून हीच जात तयार होऊ शकते. कडक तव्यावर बेकन तळताना होते आणि आम्ल असलेल्या जठरातही होते. 1960 च्या दशकात नॉर्वेत नायट्राइट घालून टिकवलेली माशांची भुकटी खाऊन जनावरांची यकृते खराब झाली, तेव्हा हा प्रश्न उंदरांच्या पिंजऱ्याबाहेर आला. पुढे अमेरिकेत बेकनमधले नायट्राइट कमी करून त्यासोबत क जीवनसत्त्वाच्या कुळातले द्रव्य घालणे सक्तीचे झाले, कारण ते ही घातक जोडणी रोखते. 2022 साली फ्रान्सच्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने नायट्राइट-नायट्रेटचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे मान्य केले आणि असे मांस आठवड्याला 150 ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगितले. युरोपीय संघाने 2023 साली मर्यादा खाली आणल्या. त्या ऑक्टोबर 2025 पासून लागू आहेत. डेन्मार्कने तर कितीतरी आधीपासून आपली मर्यादा सगळ्यांहून कडक ठेवली आहे.

आणि इटलीतल्या पार्मा गावचे जगप्रसिद्ध हॅम? त्यात नायट्राइट अजिबात नसते, 1993 पासून ते घालायलाच मनाई आहे. फक्त डुकराची मांडी, मीठ आणि वर्षाहून जास्त काळ. म्हणजे या रसायनाशिवाय मांस टिकते. त्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे गोदामाचे भाडे, अडकलेला पैसा. नायट्राइटने महिन्यांचे काम दिवसांत होते. जे महाग हॅम विकत घेऊ शकतात त्यांना वेळ घेतलेले मांस मिळते. ज्यांना स्वस्त पाकीट परवडते त्यांना 250 मिळते.

या रसायनाच्या पूर्वजाची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. कारखान्यातले नायट्राइट येण्याआधी युरोपात मांस मुरवायला सोरा वापरत, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तोच सोरा बंदुकीच्या दारूतही लागे. सतराव्या-अठराव्या शतकात डच आणि इंग्रज कंपन्या तो पाटण्याहून जहाजे भरभरून नेत. बिहारमधल्या गावांत, गोठ्यांच्या आसपास, जनावरांच्या शेणा-मुताने मुरलेल्या जमिनीवर पांढरा थर येतो. तो खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून सोरा काढणारी जात म्हणजे नोनिया. नावातच लोण, म्हणजे मीठ. उन्हात बसून माती खरवडणाऱ्या त्या शूद्र मानलेल्या जातीच्या मेहनतीवर युरोपातल्या तोफा धडाडल्या आणि हॅम गुलाबी झाले. गोमूत्राचे गुण गाणाऱ्यांनी हा उपयोग मात्र कधी सांगितलेला आमच्या ऐकण्यात नाही.

आता आपल्या घरात येऊ. चान्या. मराठवाड्यात, सोलापूरकडे, नगरकडे आणि आणखी कुठे कुठे वेगवेगळ्या नावांनी. मोठ्याच्या मटणाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची, दोरीवर नाहीतर काट्याकुट्यांच्या कुंपणावर टाकायच्या आणि कडक उन्हात वाळू द्यायच्या. घारी-कावळ्यांना हाकलायला एक पोर बसवायचे. वाळल्या की मडक्यात किंवा गोणीत भरायच्या. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, दोन पट्ट्या निखाऱ्यावर भाजून किंवा कुटून आमटीत टाकल्या की आठ माणसांची भाकरी उतरायची. आमच्यातल्या कित्येकांचे बालपण त्या वासात गेले आहे. गावात त्याच वासावरून आमची घरे ओळखली जायची, आणि शाळेत शेजारचा पोरगा सरकून बसायचा. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून हे सगळे पदार्थ छापील मराठीत आणले, आणि त्याआधी 2009 साली पुण्यात शर्मिला रेगे यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा केल्या. तेव्हापासून चानी हा शब्द आपल्या तरुणांच्या तोंडी अभिमानाने येतो. यावे. पण अभिमानाच्या भरात एक वाक्य हल्ली फार ऐकू येते: चानी नैसर्गिक आहे, त्यात केमिकल नाही, म्हणून ती शंभर टक्के आरोग्यदायी.

हे वाक्य अर्धे खरे आहे. चानीत नायट्राइट घातले जात नाही. वरचे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या कारखानी मांसाचे आहेत आणि रोज खाणाऱ्यांचे आहेत. पावसाळ्यात आठ माणसांत दोन पट्ट्या खाणाऱ्यांचे नाहीत. त्यामुळे सॉसेजचा 18 टक्क्यांचा आकडा उचलून चानीच्या माथी मारणे गैर आहे. पण 'खारवून टिकवलेले मांस' या व्याख्येत चानी बसते, हेही खरे. तिच्यात मीठ प्रचंड असते. जागतिक आरोग्य संघटना माणसी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते आणि आमच्या वस्तीत चाळिशीतच रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झालेली माणसे दर गल्लीत आहेत. निखाऱ्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या मांसात घातक द्रव्ये तयार होतात, मग ते कोणत्याही जातीच्या माणसाने भाजलेले असो. आणि तांबड्या मांसातले लोहही आतड्यात नायट्रोसो संयुगे वाढवते. आजीला काही झाले नाही, हा पुरावा होत नाही. आमच्या आज्या कशाने गेल्या हे लिहून ठेवणारा डॉक्टर गावात नव्हता.

'आपल्याच ताटाला आपणच नावे ठेवायची का?' असा प्रश्न यावर येतो. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या कामातच आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, ते काही मनुस्मृतीला मान देऊन नाही. त्याच परिषदेतून सवर्णांना हेही सांगितले गेले की आपली मेलेली जनावरे तुम्हीच पुरा. पुढे 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी उलट बाजूने हल्ला चढवला: वैदिक काळातले ब्राह्मण गोमांस खात होते, बौद्ध धम्माशी झालेल्या झगड्यात त्यांनी ते सोडले, आणि ज्यांनी सोडले नाही त्यांच्यावर अस्पृश्यता लादली. म्हणजे एकीकडे गोमांसाच्या नावाने चाललेली बदनामी इतिहासाच्या आधारे खोडायची, आणि दुसरीकडे आपल्याच लोकांना सांगायचे की मढे ओढून त्याचे मांस खाणे आजपासून बंद. दोन्ही एकाच माणसाने केले. ज्या गावांनी ते ऐकले त्यांनी त्यासाठी बहिष्कारही सोसला. आपले ताट आपण तपासायचे, ही आपलीच परंपरा आहे. फक्त तपासणारा हात आपला असला पाहिजे.

आमची खरी चिंता चानीची नाहीच. चानी आता उरली आहे किती? कायद्यानंतर बैलाचे मांस गेले. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली आणि परराज्यातून आलेले मांस बाळगण्यावरची कलमे तेवढी रद्द केली. पण रस्त्यावर टेम्पो अडवणारे निकालपत्र वाचून अडवत नाहीत. म्हशीचे मटण कायद्याने चालते, तरी कितीतरी गावांत कुरेशी भावांनी धंदा बंद केला. मोठ्याचे मटण हे गरिबाला परवडणारे लोह आणि प्रथिन होते. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. मांसातले लोह शरीराला पालेभाजीतल्या लोहापेक्षा चांगले लागते. हे ताजे मांस ताटातून काढून घेतले, आणि रिकाम्या जागेत काय आले ते शहरातल्या आमच्या वस्त्यांत फिरून बघा. कोपऱ्यावरच्या दुकानात डीप फ्रीझर, त्यात चिकन सॉसेज, सॅलामी, नगेट्स. संध्याकाळी गाडीवर सॉसेज रोल आणि फ्रँकी. वसतिगृहातली पोरे ब्रेडमध्ये सॅलामी घालून रात्र काढतात, कारण मेसमध्ये मांसाहार नाही आणि खोलीत शिजवायला मनाई आहे. त्यात भांडण होत नाही, वास येत नाही, घरमालक हाकलत नाही. ज्या मांसाला जात चिकटलेली नाही असे मांस म्हणून ते पाकीट आपल्या घरात शिरले आहे. बीफला नाक मुरडणाऱ्या मित्रासमोर ते निवांत खाता येते. आम्हाला हा भाग सगळ्यांत जास्त लागतो: लाजेपोटी आपण ताजे मटण सोडले आणि गुलाबी सॅलामी धरली.

आणि त्या पाकिटावर आपले सरकार समोर काय छापायला लावते? हिरवी खूण की तपकिरी खूण. म्हणजे हे खाणारा सोवळा राहील की नाही, हे लांबून दिसले पाहिजे. नायट्राइट आहे की नाही, मीठ किती, हे मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. ज्या देशात मुलींना सहावीत शाळा सोडावी लागते तिथे 250 हा आकडा कोण वाचणार? आमच्या भागातल्या एका दुकानात सॅलामी सुटी, वजनावर विकतात. आत काय घातले आहे असे विचारले तर दुकानदार म्हणाला, मोठे पाकीट फोडून देतो, ते तर कचऱ्यात गेले. आम्ही मागणी करतो ती साधी आहे. सोडियम नायट्राइट घातलेल्या प्रत्येक पाकिटावर समोर, मराठीत, ठळक अक्षरांत तसे लिहा. सुटे विकणाऱ्याने पाटी लावावी. 250 च्या मर्यादेचा युरोपात फेरविचार होऊ शकतो तर इथेही व्हावा. ही मागणी मांसाहाराविरुद्ध नाही, आणि ती तशी वळवू पाहणाऱ्याला आधी हिरव्या खुणेच्या पाकिटातल्या मिठाचा हिशेब विचारावा.

पालकातही नायट्रेट असते, मग पालकही बंद करायचा का, असा एका अभ्यासवर्गात प्रश्न आला होता. प्रश्न चांगला होता. पालक, बीट, मुळा यांत नायट्रेट भरपूर असते, माणसाच्या पोटात जाणारे बहुतेक नायट्रेट भाजीतूनच जाते. पण भाजीत सोबत क जीवनसत्त्व आणि इतर रोधक द्रव्ये असतात, आणि मांसातली प्रथिने व लोह नसते. त्यामुळे भाजीचा तसा अपाय दिसत नाही. याच गोष्टीचा फायदा घेऊन परदेशात काही कंपन्या सेलरी नावाच्या भाजीची भुकटी मांसात घालतात आणि वर 'नायट्राइट घातलेले नाही' असे छापतात. मांसात गेल्यावर भाजीतले नायट्राइटही तेच काम करते. ती युक्ती इकडेही येईल.

आणखी एक. त्या अभ्यासवर्गाच्या मध्यंतरात निम्मे श्रोते बाहेर टपरीवर मावा चोळत होते. तंबाखूत त्याच नायट्रोसमाइन घराण्यातली रसायने असतात, आणि ती सॉसेजपेक्षा कितीतरी जास्त माणसे मारतात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. तो वस्तीत कोण आणतो हे पोलिसांना आणि आपल्याला, दोघांनाही माहीत आहे. गाईचा टेम्पो पकडणाऱ्यांना मात्र गुटख्याचा टेम्पो कधी सापडत नाही.

येत्या शिबिरासाठी आमच्या गटाने ठरवले आहे ते असे. सकाळी ब्रेड-सॅलामी बंद; उसळ-पाव आणि उकडलेली अंडी. रात्री म्हशीचे ताजे मटण मिळाले तर ते, नाही मिळाले तर कोंबडी, सोबत लिंबू आणि कच्चा कांदा. तंबाखू खाणाऱ्याने आवाराबाहेर जायचे. उस्मानाबादकडचा एक कार्यकर्ता घरच्या चान्यांचा डबा आणणार आहे. त्या रात्रभर पाण्यात भिजवून, ते खारे पाणी ओतून देऊन आमटीत पडतील, आणि आमटीत वेगळे मीठ घालायचे नाही असे स्वयंपाक करणाऱ्या मंडळींना सांगून ठेवले आहे.